भुतांच्या यादीतली बाई

नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन आपल्या लक्षात आहे तो २१ डिसेंबर १९०९च्या रात्री विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी त्याच्यावर गोळ्या झाडल्या म्हणून. या माणसाचा दुसरा उद्योग फारसा कुणाच्या कानावर नसतो. तो लोकसमजुती गोळा करत असे. गावोगावच्या शाळामास्तरांकडे प्रश्न जात आणि मास्तर आपापल्या गावातले देव, नवस, शकुन-अपशकुन आणि भुतेखेते यांची उत्तरे लिहून पाठवत. जॅक्सनच्या मृत्यूनंतर आर. ई. एन्थोवेन यांनी ही सामग्री संकलित केली. कोकणचा खंड १९१५मध्ये निघाला आणि १९२४मध्ये सगळ्या मुंबई इलाख्याचा 'फोकलोअर ऑफ बॉम्बे' हा ग्रंथ आला. त्यात आपल्या भुतांची चक्क वर्गवारी आहे. वेताळ हा सगळ्यांचा राजा. विद्येचा गर्व वाहणारा ब्राह्मण मेल्यावर ब्रह्मग्रह होतो. धनावर जीव ठेवून, मागे मूलबाळ न ठेवता गेलेला समंध होतो. पाण्यात बुडून मेलेला गिऱ्हा होतो. मुसलमानाचा खवीस होतो आणि मुंज होऊन लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होतो. बायकांचे खाते याच यादीत वेगळे आहे. बाळंतपणात मेली ती अळवंत. बाळंतपणानंतरच्या दहा दिवसांत किंवा विटाळशी असताना मेली ती हडळ, पुढून भरलेली आणि पाठीमागून नुसता सापळा. नवरा मागे ठेवून गेली ती जखीण, आणि विधवा मेली ती लावसट. गावागणिक तपशील थोडाफार बदलतो, नावे इकडची तिकडे होतात, पण यादीची घडण तीच राहते.

ही घडण नीट पाहावी अशी आहे. पुरुषाचे भूत ठरवताना समाजाने बरेच प्रश्न विचारले आहेत: त्याची जात कोणती, धर्म कोणता, विद्या किती, पैसा किती, मरण कुठे आणि कसे आले. बाईचे भूत ठरवताना दोनच प्रश्न पुरले: नवरा आहे की नाही आणि बाळंतपणाचे काय झाले. तिची विद्या, तिचा लोभ, तिचा गर्व, तिने केलेले बरेवाईट यांपैकी कशाचीही नोंद नाही. जिवंतपणी जे तिचे ठिकाण, तेच मेल्यावर तिचे नाव. मराठी भयकथेतल्या बाईचा साचा कुठून आला, असे कुणी विचारले तर उत्तर या यादीत आहे. लेखकाने कागदाला पेन लावण्याच्या किती तरी आधी तो साचा तयार होता. माझे म्हणणे एवढेच की आपल्या भयकथेने ही यादी जशीच्या तशी उचलली आणि तिच्यात दडलेली खरी भीती मात्र मागेच ठेवली.

ती खरी भीती कोणती, हे नावांतूनच कळते. अळवंत आणि हडळ यांची धास्ती जिथे घरोघर असते, तिथे बाळंतपणात बायका घरोघर मरत असतात. लावसट जिथे आहे, तिथे कोवळ्या वयाच्या विधवा आहेत. जॅक्सनवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या रात्री नाट्यगृहात गोविंद बल्लाळ देवलांचे 'संगीत शारदा' होते. म्हाताऱ्याला कोवळी मुलगी देण्याच्या ज्या चालीवर ते नाटक आसूड ओढत होते, त्या चालीनेच लावसटींची भरती होत होती. जखिणीचेही तसेच. पहिली बायको गेली की नवरा दुसरी करणार, हे गृहीतच असे. मग पहिली दुसरीला छळील म्हणून तिच्या नावाचा टाक दुसरीने गळ्यात घालायचा. थोडक्यात, ही यादी म्हणजे बायकांच्या अकाली मरणाचे दप्तर आहे. त्यातल्या प्रत्येक नावापुढे एक तक्रार लिहिता आली असती. आपण तक्रारीच्या जागी धमकी लिहिली. जिच्यावर अन्याय झाला तीच मेल्यावर गुन्हेगार ठरली आणि तिच्यापासून वाचायचे कोणी, तर जे तिला वाचवू शकले नाहीत त्यांनी!

पंढरपूर तालुक्यातले करकंब आणि भीमेच्या काठचा सगळा पट्टा घेतला तर या समजुतींचा भूगोलही दिसतो. अशा गावांत मुंजा पिंपळावर असतो, म्हणजे पारावर, चारचौघांच्या वाटेवर. हडळ असते आडबाजूच्या विहिरीत, ओढ्याला, शेताच्या बांधापलीकडे. पाण्याच्या कडेला साती आसरा असतात. शेंदूर लावलेले सात दगड, खण, हिरव्या बांगड्या. ॲन फेल्डहाउस यांनी महाराष्ट्रातल्या नद्या आणि स्त्रीत्व यांवर १९९५मध्ये 'वॉटर अँड वुमनहूड' हे पुस्तक लिहिले, त्यात या आसरांचा विचार आहे. आसरा म्हणजे मेलेल्या बायका नव्हेत, त्या जलदेवता आहेत. त्यांची ओटी भरतात आणि त्यांना भितातही. कुणाची बायको म्हणून त्यांची ओळख नाही, त्या सातजणी मिळून असतात. म्हणजे लोकपरंपरेत बाईच्या सामर्थ्याकडे पाहण्याची दुसरी वाटही होती. भीतीबरोबर आदर असलेली ही वाट छापील भयकथेने फारशी चोखाळली नाही. तिला हडळ सोयीची वाटली.

छापील भयकथेचा विषय निघाला की पहिले नाव नारायण धारप यांचे. १९२५ ते २००८ या आयुष्यात त्यांनी मराठी वाचकाला रात्री दिवा लावून झोपायला शिकवले, आणि तेही खेड्यातल्या वाड्याबरोबरच शहरातल्या साध्या बिऱ्हाडात भय आणून. रत्नाकर मतकरींनी गूढकथेला मनाच्या तळाशी नेले. या दोघांचे ऋण मोठे आहे. त्यांच्यानंतर आलेल्या ढीगभर कथांवर, दिवाळी अंकांवर आणि मालिकांवर त्यांची छाया आहे. पण छाया घेताना लोकांनी बहुतेक वेळा सांगाडाच घेतला. धारपांच्या कथांतला समर्थ हा संकटनिवारक पुरुष आहे आणि 'चेटकीण', 'काळी जोगीण' ही त्यांच्या पुस्तकांची नावे आहेत. एका लेखकाच्या बाबतीत हा योगायोग मानता येईल. शेकडो कथांत जाणता मांत्रिक किंवा डॉक्टर पुरुष, झपाटलेली सून किंवा मुलगी, आणि आधी 'भास आहेत तुझे' म्हणून हसणारा नवरा असे तीन खांब पुन्हा पुन्हा दिसू लागले की त्याला योगायोग म्हणता येत नाही.

चित्रपटांत हा भेद आणखी उघड होतो. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला'मधला तात्या विंचू (१९९३) हा गुन्हेगार आहे. तो स्वतः मंत्र मिळवतो आणि मरता मरता स्वतःच्या इच्छेने बाहुल्यात शिरतो. त्याचे भूतपण ही त्याची करणी आहे, आणि म्हणूनच तो आजही लोकांच्या तोंडी आहे. त्यांच्याच 'पछाडलेला'मध्ये (२००४) भरत जाधव यांच्या अंगात इनामदाराचे भूत येते आणि प्रेक्षागृह हसून लोटपोट होते. आता १९८०चा विकास देसाई आणि अरुणाराजे यांचा 'गहराई' हा हिंदी चित्रपट आठवा. वडिलोपार्जित जमीन विकणारा बाप डॉ. श्रीराम लागूंनी केला आहे, झपाटली जाते ती त्याची मुलगी, पद्मिनी कोल्हापुरे. व्यवहार बापाचा, शिक्षा लेकीच्या शरीराला. पुरुष झपाटला की विनोद आणि बाई झपाटली की शोकांतिका, अशी ही वाटणी आहे. ती बायकांना जाचते हे उघडच आहे. पुरुषांचेही ती बरे करत नाही. घाबरलेला, भोगणारा, मदत मागणारा पुरुष आपल्या भयकथेत गंभीरपणे उभाच राहत नाही, कारण त्याने घाबरायचे ते हसवण्यापुरते.

ही मराठीचीच खोड आहे असे मात्र नाही. विल्यम पीटर ब्लॅटी यांनी १९७१मध्ये 'द एक्झॉर्सिस्ट' लिहिली, ती १९४९ साली अमेरिकेत गाजलेल्या एका झपाटल्याच्या प्रकरणावरून सुचली होती. त्या प्रकरणातले मूल मुलगा होता. कादंबरीत ती बारा वर्षांची मुलगी झाली, १९७३मध्ये चित्रपट आला आणि त्यानंतर झपाटलेली वयात येणारी मुलगी हे जगभरच्या भयपटांचे ठरीव चित्र होऊन बसले. कॅरल क्लोव्हर या अभ्यासिकेने १९८०च्या दशकात अमेरिकी खूनपट तपासले, तेव्हा शेवटपर्यंत जिवंत राहते ती बहुधा सावध, सोवळी, मौजमजेपासून दूर राहणारी मुलगी, असे तिला आढळले. म्हणजे तिथेही वागणुकीचा हिशेब बाईच्याच नावावर. बार्बरा क्रीड यांनी १९९३च्या पुस्तकात दाखवले की भयपटाला बाईची भीती वाटते ती मुख्यतः तिच्या गर्भाशयाची, रजःस्रावाची आणि मातृत्वाची. मास्तरांनी पाठवलेल्या उत्तरांतली अळवंत आणि हडळ आठवली की यात नवल वाटत नाही.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे: यादीत मुंजा आणि समंधही आहेत, मग पुरुषांनाही लग्न आणि मूल चुकले कुठे? आक्षेप रास्त आहे आणि त्यात तथ्यही आहे. ब्रह्मचारी मेलेला मुलगा आणि निपुत्रिक मेलेला गृहस्थ यांनाही समाजाने शांत राहू दिलेले नाही. पण समंधाला निपुत्रिकपणाबरोबर धन आहे, राखायला ठेवा आहे. मुंज्याला मुंज आहे, म्हणजे मुलीच्या वाट्याला न येणारा एक संस्कार आहे. शिवाय पुरुषांच्या खात्यात ही दोन नावे अनेक नावांपैकी आहेत. बायकांच्या खात्यात दुसरे काही नाहीच. आदित्य सरपोतदार यांच्या 'मुंज्या'ने (२०२४) कोकणातला मुंजा पडद्यावर आणला, त्यातही त्याच्या लग्नाच्या हट्टाची किंमत एका मुलीनेच मोजायची होती.

दुसरा आक्षेप अधिक प्रचलित आहे. गोष्टी गोष्टी असतात, वाचणाऱ्याला भूत आणि शेजारीण यांतला फरक कळतो, मग एवढे कशाला? बहुतेकांना कळतो हे खरे. तरीही महाराष्ट्राला २०१३मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. त्या वर्षी २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, लगोलग वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. त्याच्या अनुसूचीत काय काय आहे ते वाचावे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून घालणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे; अमकी व्यक्ती करणी करते, तिच्यामुळे जनावरांचे दूध आटते असे भासवणे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. नंदुरबारच्या सातपुड्यात बाईला डाकीण ठरवण्याच्या प्रथेविरुद्ध कार्यकर्त्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले आहे. भयकथा वाचून कुणी उठून शेजारणीला मारायला जात नाही, आणि तसा दावाही मी करत नाही. पण गावात काही विपरीत घडले की संशयाने कुणाकडे पाहायचे, ही सवय गोष्टींनीच लावलेली असते. एकट्या राहणाऱ्या म्हातारीकडे, मूल न झालेल्या सुनेकडे, नवरा नसलेल्या बाईकडे बोट सहज जाते, कारण ते हजार गोष्टींत गेलेले असते.

तिसरा आक्षेप मला सर्वांत विचार करायला लावणारा वाटतो. तो असा की हडळ हीच तर बाईची एकमेव सत्ता! जिवंतपणी जिचे कुणी ऐकले नाही, ती मेल्यावर सगळ्या गावाला दारे लावून बसायला भाग पाडते. अमर कौशिक यांच्या 'स्त्री' (२०१८) या हिंदी चित्रपटाने हा मुद्दा हसत हसत मांडला. त्यात रात्री घराबाहेर पडायला पुरुष घाबरतात, आणि भुताची मागणी काय, तर मान आणि प्रेम. यात गंमत आहे, न्यायही आहे. पण एवढ्यावर समाधान मानायचे तर त्यासाठी बाईला आधी मरावे लागते. आणि ही मरणोत्तर सत्ता तरी किती टिकते? खिळा ठोकला, बाटलीत भरली, मंत्र म्हटला, की खेळ संपला. 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेने अण्णा नाईक आणि शेवंता ही दोन पात्रे घराघरांत नेली. अण्णांचे क्रौर्य हा त्यांचा स्वभाव आणि दरारा ठरला, शेवंताची ओळख मात्र तिच्या देहापाशी आणि 'दुसरी बाई' या शिक्क्यापाशी घुटमळत राहिली. दोघेही मेल्यावर परत येतात, पण येताना आपापली जुनी जागा बरोबर घेऊन येतात.

राहतो तो कारागिरीचा आक्षेप. भयकथा ही निषिद्धावर जगते, तिला सभ्यपणाचे नियम लावले की ती मरते, असे लेखक म्हणतात. नियम लावू नयेत, याच्याशी मी सहमत आहे. पण ठरीव साचा हाही नियमच आहे, आणि भीतीचा त्याच्याइतका मोठा वैरी दुसरा नाही. पांढरे लुगडे, मोकळे केस, उलटे पाय दिसले की आजचा वाचक घाबरत नाही, तो ओळखतो. ओळखीच्या गोष्टीने दचकायला होते, भय वाटत नाही. शार्लट पर्किन्स गिलमन यांची १८९२मध्ये प्रसिद्ध झालेली 'द यलो वॉलपेपर' ही कथा आजही अंगावर येते. बाळंतपणानंतर खचलेली बाई, तिला विश्रांतीच्या नावाखाली एका खोलीत ठेवणारा डॉक्टर नवरा आणि भिंतीवरचा पिवळा कागद, एवढाच तिचा ऐवज. आपल्याकडे हिला हडळ केली असती. गिलमन यांनी तिच्याच हातात लेखणी दिली आणि भीती खोलीच्या बंद दारात ठेवली. राही अनिल बर्वे यांच्या 'तुंबाड'ने (२०१८) भय हव्यासात शोधले, बापाकडून मुलाकडे उतरणाऱ्या हव्यासात.

आपल्या मातीतले सर्वांत चोख उदाहरण विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'चे आहे. २०१७च्या जुलैत आलेल्या या मराठी चित्रपटात पूजा सावंत यांनी साकारलेली गरोदर नेहा उसाच्या फडाच्या मधोमध असलेल्या एका घरात येते. फडात लहान मुलांचे आवाज येतात. भूत आहे, बाळंतपण आहे, विहीर आहे, म्हणजे मास्तरांच्या यादीतले सगळे सामान हजर आहे. फक्त फिर्याद कुणाची आणि आरोपी कोण, एवढे बदलले आहे. भय भुताचे वाटत नाही, पोरींना जन्मल्या जन्मल्या संपवणाऱ्या घराचे वाटते. चार वर्षांनी 'छोरी' या नावाने त्याचा हिंदी अवतार निघाला. हा चित्रपट हवेतून आलेला नाही. २००१च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे ९१३ मुली होत्या, २०११मध्ये त्या ८९४ झाल्या. बीड जिल्ह्यात तर ८०७. लपलेली मुले फडात खरोखरच होती, आकड्यांतून वजा झालेली.

उजनीचे पाणी कालव्यांनी आल्यावर करकंब-पंढरपूरच्या बाजूला ऊस वाढला, आणि दर हंगामाला मराठवाड्यातल्या टोळ्या तोडणीला येऊ लागल्या. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरला जातो, उचल त्या कोयत्याच्या हिशेबाने मिळते आणि पाळीच्या त्रासाने बुडालेल्या दिवसाचाही खाडा पडतो. २०१९मध्ये शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची माहिती घेतली, त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले होते. ज्या फडात हडळ आहे म्हणून पोरांना भिववले जाते, त्या फडात भयकथेला पुरून उरेल एवढा मजकूर हा असा पडलेला आहे. त्याला हात घालायचा तर हडळ नको असे मुळीच नाही. ती हवीच, कारण हे सांगायला तिच्याइतकी हक्काची बाई दुसरी नाही. पण ती कशाने मेली हे गोष्टीत आले पाहिजे.

म्हणून दिवाळी अंकासाठी भयकथा लिहिणाऱ्यांना आणि मालिकांचे भाग बेतणाऱ्यांना एक विनंती. बाईचे भूत जरूर आणा, घाबरवायचे तेवढे घाबरवा, पण कथेत तिची नोंद करताना नवरा आणि मूल यांपलीकडचा एक तरी रकाना भरा: तिला काय येत होते, तिने काय केले, तिचे काय हिरावले गेले आणि कुणी. पुरुषाला एकदा मनापासून घाबरू द्या. वाचकांनीही पुढची भयकथा हातात घेतली की तपासून पाहावे, मेलेल्या बाईचा गुन्हा काय होता. बहुतेक कथांत तो सापडणार नाही. ज्या कथेत सापडेल, किंवा तो दुसऱ्याच कुणाचा होता असे निघेल, तीच कथा लेखकाने स्वतः लिहिलेली आहे असे समजावे. बाकीच्या त्या जुन्या यादीच्या नकला आहेत.